चारी बाजूंनी पाणी

मित्रांनो, मी घर आहे की गाडी, हे मला आजवर नीट उमगलेले नाही. माझ्या पोटात एक बिछाना आहे, दोन तोंडांची गॅसची शेगडी आहे, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे आहेत आणि या सगळ्याखाली चार चाके आहेत. लोक मला कॅम्पर म्हणतात. आता मी म्हातारी झाले आहे. कुराबिन नावाच्या गुरांच्या कुरणावर एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. माझ्या अंगावर, दाराच्या कडीच्या थोडे खाली, चिखलाची एक सरळ रेघ आहे. ती पुसू नका असे माझ्या मालकिणीने, ग्लेनिसने, सगळ्यांना सांगून ठेवले आहे. त्या रेघेची हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे.

जन्माने मी पाववाल्याची गाडी. समुद्रकाठच्या वॉलपारा गावात अकरा वर्षे मी घरोघरी पाव पोहोचवले. पुढे बेकरी बंद पडली आणि पिठाच्या गिरणीत फिटर असलेल्या मर्व्हिन टॉनकिनने मला घेतले. सुट्टीच्या दिवशी तो माझ्यात घुसायचा तो जेवायलाच बाहेर यायचा. पावांच्या फळ्या काढून त्याने बिछाना बसवला, छताला झरोका पाडला, वायरलेस बसवला, पाण्याची टाकी जोडली. त्याची बायको ग्लेनिस दारात बसून पडदे शिवायची आणि म्हणायची, "मर्व्ह, लग्नानंतर माझ्यासाठी एक साधं कपाट करायला तुला नऊ वर्षं लागली. हिच्यात चार महिन्यांत चार कपाटं?"

"तू कुठं पळून चालली होतीस? हिला पळायचंय," मर्व्ह म्हणायचा.

मर्व्ह फार बोलका. रस्त्यावरची फाटके उघडताना बोलायचा, वाटेत आडव्या बसलेल्या गाईंशी बोलायचा, ग्लेनिस झोपली तर माझ्याशी बोलायचा. दर हिवाळ्यात आम्ही तिघे उत्तरेला यारंबाला जायचो. चार दिवसांचा रस्ता, त्यातले शेवटचे दोन दिवस नुसती सपाट काळी जमीन आणि आभाळ. यारंबा म्हणजे चाळीस माणसांचे गाव. वर्षातून एकदा तिथे घोड्यांच्या शर्यती होतात आणि त्या दिवशी गावात सहाशे माणसे होतात. तिथल्या मैदानावर मला शर्यतीच्या धावपट्टीच्या कडेला उभी करत. मर्व्ह हातात कर्णा घेऊन माझ्या टपावर चढायचा आणि शर्यतीचे वर्णन करायचा. एका दमात आठ घोड्यांची नावे, कोण पुढे, कोण मागे, कुणाचा मालक पबमध्ये झोपलेला आहे, सगळे! लोक घोड्यांऐवजी माझ्या टपाकडे बघत हसत बसायचे. "टॉनकिनची गाडी आली!" असे पहिले पोर ओरडले की माझा पत्रा अभिमानाने तापायचा. सव्वीस वर्षे हे चालले.

मग एका सकाळी, माझे टायर तपासता तपासता, मर्व्ह ग्लेनिसला म्हणाला, "सगळं ठीक आहे. निघू या आपण शनिवार..." आणि वाक्य पुरे न करताच तो माझ्या चाकाशी कोसळला.

मर्व्ह जगला. पण त्याचा उजवा हात आणि उजवा पाय जड झाला आणि तोंडात एकच शब्द उरला. शनिवार. पाणी हवे असले तरी शनिवार, उकडत असले तरी शनिवार. डॉक्टर म्हणाले की त्याला सगळे कळते, विचार पूर्वीसारखेच चालतात, फक्त शब्द बाहेर यायची वाट बुजली आहे. माणसे पहिल्यांदा धीर धरून ऐकायची, मग गोंधळायची, मग त्याच्याकडे न बघता ग्लेनिसलाच विचारायची. ग्लेनिस उत्तर द्यायची. "त्याला दोन चमचे साखर लागते." "तो दमलाय." "त्याला काही नको." बिचारी चांगल्या मनानेच करत होती. मर्व्हने डाव्या हाताने काही करायला घेतले की ती झटकन पुढे व्हायची. "राहू दे रे, तुला नाही जमणार."

मला ताडपत्री घालून शेडमध्ये ढकलले गेले. दोन वर्षे. मित्रांनो, गाडीला बंद शेडमध्ये ठेवणे म्हणजे काय, हे मी कसे सांगू? चाकांखाली जमीन आहे पण रस्ता नाही. काचेवर धूळ बसत गेली आणि दिसेनासे झाले. उंदरांनी माझ्या गादीत घरटे केले. टायर हळूहळू बसले. कधीकधी शेडचे दार किलकिले व्हायचे आणि मर्व्ह येऊन माझ्या दाराला टेकून उभा राहायचा. आम्ही दोघे काहीच बोलायचो नाही. मला बोलता येत नाही आणि त्याचीही तीच गत होती.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा सरत आला, आमच्या दक्षिण गोलार्धात तो मार्चमध्ये सरतो, तेव्हा यारंबाहून पत्र आले. मैदानावर वर्णनासाठी नवे मचाण बांधले आहे, त्याला मर्व्हचे नाव द्यायचे आहे, ईस्टरच्या शनिवारी या. ग्लेनिसने माझ्या दारात बसून ते पत्र वाचून दाखवले. मर्व्हने माझ्या बॉनेटवर डावा हात आपटला, एकदा, दोनदा, तीनदा.

"जायचंय तुला?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाली, "जाऊ. जुन्या लोकांत तुझी जीभ सुटेलसुद्धा."

जावयाने वेड्यात काढले. शेजारीण रडली. ग्लेनिसने कुणाचे ऐकले नाही. येतो असे यारंबाला मात्र तिने कळवले नाही. ऐन वेळी मर्व्ह घाबरला तर निमूट मागे फिरता यावे म्हणून. स्वतः चाक धरून ती सत्तर वर्षांची बाई मला उत्तरेला घेऊन निघाली. दोन वर्षांनी माझ्या काचेला वारा लागला. मर्व्ह शेजारी बसून प्रत्येक फाटकापाशी मान डोलवत होता. ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही अडकलो.

आभाळ निळेभोर होते. पाऊस पडला होता तो तिथून कितीतरी लांब, उत्तरेकडच्या डोंगरांत, दोन आठवड्यांपूर्वी. ते पाणी आता मैदानात उतरत होते. आवाज नाही, लाट नाही. आधी रस्त्याच्या कडेच्या भेगा ओल्या झाल्या, मग चाकोऱ्या चकाकू लागल्या, मग पुढचा रस्ताच दिसेना. ग्लेनिसने मला वळवले तर मागचा रस्ताही गेला होता. तिने रस्ता सोडून, यारंबाकडे जाताना उजव्या हाताला येणाऱ्या एका बुटक्या उंचवट्याकडे मला नेले. माथ्यापासून तीस पावलांवर माझी मागची चाके काळ्या मातीत बसली. ती माती ओली झाली की डिंकासारखी होते. ग्लेनिसने एंजिन जितके रेटले तितकी मी खोल गेले.

"चार दिवसांत उतरेल पाणी," ती म्हणाली. "खायला आहे, प्यायला आहे. वायरलेसवर बोंब मारली तर जावयाला आयतंच सापडेल बोलायला. राहू आपण."

वायरलेस बंदच राहिला. आम्ही तिघे त्या चिखलात बसून राहिलो. चारी बाजूंनी तपकिरी पाणी, मधे एका अंगणाएवढी कोरडी जमीन. पाण्याने पळवून लावलेले सगळे जीव तिथेच आले होते. मुंग्या, विंचू, पाली, एक थकलेला साप. माशा तर इतक्या की ग्लेनिस चहाच्या कपावर बशी झाकून कडेने घोट घ्यायची. आत उकडायचे, बाहेर भाजायचे. मर्व्हला माझी पायरी एकट्याने उतरता येत नव्हती, म्हणून तो दिवसभर दाराशी खुर्चीत बसायचा. शुक्रवार गेला. शनिवारी तो पहाटेपासून उत्तरेकडे बघत होता. तिकडे, पाण्यापलीकडे, त्याच्या नावाचे मचाण होते.

"शनिवार," तो म्हणाला. त्या एका दिवशी त्याचा शब्द बरोबर होता. ग्लेनिसने तोंड फिरवले आणि पीच फळांचा डबा उघडत बसली.

पाण्याच्या काठाशी ती तंबूच्या खुंट्या ठोकून ठेवायची. पाणी उतरायचे नाव घेईना. सोमवारी पहिली खुंटी बुडाली. मंगळवारी सकाळी दुसरीही दिसेना. तेव्हा ती फावडे घेऊन बाहेर पडली.

"मागची चाकं मोकळी करून खाली फळ्या घालते," तिने मर्व्हला सांगितले. "तीस पावलं वर चढली की झालं. तू बस. तुला नाही जमणार."

तिने माझ्या मागच्या चाकामागे खणले, ॲक्सलखाली जॅक लावला, मला वीतभर उचलले. मग फळी सरकवायला ती खड्ड्यात पाय घालून खाली वाकली. मित्रांनो, जॅकच्या बुडाखाली चिखल सरकतो आहे हे मला कळत होते. मी काय करणार? मला ना हात, ना आवाज. जॅक कलंडला आणि मी खाली बसले. ग्लेनिसचा पाय गुडघ्यापर्यंत माझ्या ॲक्सलखाली सापडला.

ती एकदाच किंचाळली. माती मऊ होती म्हणून पाय चिरडला नाही, पण मोडला, आणि मातीने तो असा धरला की तिला इंचभर हलता येईना. ज्या बाईने माझे पडदे शिवले तिला मीच धरून बसले होते. आयुष्यात मी इतकी जड कधी झाले नव्हते.

"मर्व्ह!" ती ओरडली. "मर्व्ह, मी अडकलेय! वायरलेस..." आणि मग तिचा आवाज खाली आला. "नको. राहू दे. तुला नाही जमणार."

पाणी तिच्यापासून आठ पावलांवर होते.

मर्व्ह खुर्चीतून उठला नाही. तो खुर्चीसकट आडवा झाला. मग डाव्या कोपरावर जोर देत माझ्या जमिनीवरून पुढच्या सीटकडे सरपटत निघाला. आठ हात अंतर. मधे दोनदा थांबला. सीटला धरून गुडघ्यावर आला, डाव्या हाताने बटण फिरवले, माइक ओढून घेतला.

"शनिवार," तो म्हणाला.

खरखर. मग एका बाईचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"शनिवार. शनिवार! शनिवार!"

"बाबा रे, आज मंगळवार आहे. आणि सकाळी दहा वाजता एवढी ढोसू नये. चॅनल मोकळा सोड, पुराचं काम चाललंय."

ती होती हेस्टर लॉटन, कुराबिनच्या मॅनेजरची बायको. या भागात गेल्याच वर्षी आलेली. मर्व्हचे नावही तिने ऐकलेले नव्हते. मर्व्हने माइक कपाळाला लावला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. बाहेर ग्लेनिस म्हणत होती, "जाऊ दे मर्व्ह, जाऊ दे." त्याने पुन्हा बटण दाबले.

"शनिवार," तो म्हणाला. या वेळी अगदी हळू.

बराच वेळ नुसती खरखर. मग हेस्टरचा आवाज आला, पण आता निराळा. "थांबा हं. तुम्ही प्यायलेले नाही. तुम्हाला दुसरं काही बोलता येत नाहीये. असं असेल तर बटण दोनदा दाबा."

टक. टक.

"हात्तिच्या! माझ्या आईचं असंच झालं होतं. तिच्याकडे 'लोणी' उरलं होतं. तीन वर्षं आम्ही लोणी ऐकलं." ती जरा थांबली. "हे बघा, हो असेल तर दोनदा, नाही असेल तर एकदा. सावकाश. मला कुठे जायचं नाहीये, माझ्याही चारी बाजूंनी पाणीच आहे. एकटे आहात?"

टक.

"मुलगा बरोबर आहे? नाही. बायको? हां, बायको. तिला काही झालंय? साप चावला? नाही. पडली? तेही नाही. कशाखाली अडकलीय का?"

टक. टक.

"गाडीखाली? अरे देवा. शुद्धीवर आहे? बरं. पाणी जवळ आलंय?"

टक, टक. मर्व्हने इतक्या जोराने दाबले की बटण तुटेल असे मला वाटले.

बाहेर ग्लेनिस गप्प झाली होती. दार उघडे होते, तिला सगळे ऐकू येत होते. एकदा तिने ओरडायला तोंड उघडले, "तिला सांग की..." आणि थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदाच मर्व्ह कुणाशीतरी बोलत होता आणि मधे बोलायला ती नव्हती. चिखलात गाल टेकून ती ऐकत राहिली.

"आता ठिकाण," हेस्टर म्हणाली. "यारंबाच्या रस्त्यावर आहात? बरं. वॉलपाराकडून येताना लाल फाटक लागतं. ते ओलांडलंत? हो. पेलिकन ओढा ओलांडलात? नाही. म्हणजे दोन्हींच्या मधे. रस्त्याच्या डाव्या हाताला?"

मर्व्हने आपल्या जड उजव्या हाताकडे पाहिले, मग बाहेर पाहिले. तो गोंधळला. हेस्टर काही बोलली नाही. घड्याळाचा काटा फिरत होता, पाणी एक पाऊल पुढे आले, तरी ती बोलली नाही. शेवटी मर्व्हने एकदाच बटण दाबले.

"उजव्या. सापडलात! आमच्याकडचा कोबी नावाचा पोरगा गुरं हाकायचं हेलिकॉप्टर उडवतो, तो आत्ता निघतोय. मी इथंच बसलेय. तुम्ही बायकोजवळ जा."

मर्व्हने पाण्याची बाटली शर्टात खुपसली आणि तो माझ्या पायरीवरून खाली पडला. हो, पडलाच, उतरला म्हणता येणार नाही. चिखलातून सरपटत तो तिच्यापाशी गेला. तिच्या तोंडाला बाटली लावली आणि आपल्या अंगाची सावली तिच्यावर धरून बसला. पाणी तिच्या कमरेला लागले तेव्हा त्याने डाव्या हाताने चिखलाचा बांध घालायला सुरुवात केली. बांध वाहून जायचा, तो पुन्हा घालायचा. ग्लेनिसने त्याला "राहू दे" म्हटले नाही.

कोबी आला तेव्हा पाणी तिच्या छातीशी होते. त्या तरुणाने मोठा जॅक आणला होता, त्याखाली घालायला लोखंडी पत्रा आणला होता. त्याने मला उचलले आणि ग्लेनिस सुटली. पण त्याच्या हेलिकॉप्टरात दोनच माणसे मावत.

"हिला आधी नेतो," तो मर्व्हला म्हणाला. "तासाभरात तुमच्यासाठी येतो. चालेल ना, काका?" आणि तो खरोखरच उत्तरासाठी थांबला. मर्व्हने मान हलवली.

तो तास मर्व्ह आणि मी दोघेच होतो. पाणी माझ्या पायरीला लागले. तो दारात बसून माझ्या पत्र्यावरून हात फिरवत होता, जशी माणसे म्हाताऱ्या कुत्र्यावरून फिरवतात. हेलिकॉप्टर आले, त्याला घेऊन गेले, आणि मी एकटी राहिले.

पाणी आत शिरले. बिछाना भिजला, एंजिनात चिखल भरला, पडदे तपकिरी झाले. सात आठवडे मी त्या उंचवट्यावर होते. पाणी आटल्यावर माती वाळली आणि तिने माझी चाके सिमेंटासारखी आवळली. शेडमधल्या दोन वर्षांत निदान दार उघडेल अशी आशा होती. इथे दार सताड उघडे होते आणि कुणी येत नव्हते. अखेर हेस्टरच्या माणसांनी ट्रॅक्टर लावून मला ओढून काढले आणि या शेडमध्ये आणले.

सप्टेंबरात टपालाच्या ट्रकमधून टॉनकिन नवराबायको आली. ग्लेनिस कुबड्यांवर, मर्व्ह काठीवर. हेस्टर आणि मर्व्हने एकमेकांना पहिल्यांदाच पाहिले. दोघे हसत सुटले, कशाला ते मला कळले नाही. मग हेस्टरने चहा आणला आणि विचारले, "साखर किती?"

ग्लेनिसने तोंड उघडले आणि ओठ मिटून घेतले. मर्व्हने एक बोट वर केले.

"एक?" ग्लेनिस म्हणाली. "अरे, दोन वर्षं मी तुला दोन पाजतेय!" ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. "हेस्टर, मी याला कोंडून ठेवलं होतं गं. आजाराने अर्धं कोंडलं, बाकीचं मी."

माझे एंजिन गेले आहे, मी भंगारात जावे, असे कोबीचे मत होते. ग्लेनिसने मर्व्हला विचारले, "हिचं काय करायचं?" आणि कुबड्या बाजूला ठेवून ती एका पिंपावर बसली. मर्व्ह माझ्याभोवती फिरला. माझी रेघ पाहिली. बॉनेट उघडून त्याने हत्यार मागायला डावा हात मागे केला. कोबीने पाना दिला, मर्व्हला हवा होता तो हा नव्हता. दुसरा दिला, तोही नव्हता.

मित्रांनो, मी अजून सुरू झालेले नाही. कदाचित कधी होणारही नाही. ते दोघे नाताळपर्यंत इथेच आहेत आणि मर्व्ह रोज सकाळी माझ्यापाशी येतो. मला तुमच्याकडे एकच मागायचे आहे. गाड्यांना तेलपाणी करा, ते तर कराच. पण तुमच्या घरात, शेजारात, एखादे माणूस असेल, शब्द अडकलेले, हात जड झालेले, नाहीतर नुसते हळू. त्याला काही विचाराल तेव्हा विचारून झाल्यावर गप्प बसा. घाईने त्याचे उत्तर तुम्ही देऊ नका. आतून कुणीतरी दाराकडे सरपटत येत असते. त्याला वेळ लागतो.

त्या दिवशी हवा तो पाना सापडायला पाऊण तास गेला. शेडमध्ये आम्ही पाच जण होतो. कुणीही मधे बोलले नाही.